अक्षतेचा गोल

मनोहर भोयरला दुसऱ्याच्या मूर्खपणाचा त्रास आयुष्यात फारसा झालाच नाही. जो झाला तो स्वतःच्या हुशारीचा. हे त्याचंच म्हणणं आहे आणि आजकाल तो ते चहा पिता पिता मजेत सांगतो. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, धाकट्या बहिणीच्या, लतिकाच्या लग्नाच्या दिवशी मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मनोहर नागपुरात सीताबर्डीतल्या एका औषधं पुरवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा. विभाग म्हणजे तो, एक कूलर आणि चपला बाहेर काढून आत जायची एक खोली. त्या वर्षी कंपनीनं आणखी कॉम्प्युटर घेतले आणि ते एकमेकांना जोडायचं ठरवलं. कसे जोडायचे ते शिकायला मनोहरला पुण्याला पाठवलं. तिथून तो तीन आकृत्या आणि भलतीच ऐट घेऊन परत आला.

त्या तीन आकृत्या त्यानं घरीदारी इतक्यांदा समजावून सांगितल्या, की त्याची बायको प्रेमिला पोळ्या लाटता लाटता त्या म्हणून दाखवायची. पहिली स्टार. मधोमध एक मुख्य यंत्र, बाकी प्रत्येकाची वेगळी वायर त्याच्याकडे. कोणाला कोणाशी बोलायचं असो, वाट मधल्याच्या दारातून. सोपं काम, पण मधला आजारी पडला की सगळे मुके. दुसरी बस. भिंतीच्या कडेनं एकच लांब केबल आणि तिला सगळे लटकलेले, दोरीवर कपडे वाळत घालतात तसे. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जातं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं, मग दोघांनी गप्प बसायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा तोंड उघडायचं. आणि केबल एका जागी तुटली की सगळी दोरीच खाली.

तिसरी रिंग. इथं आल्यावर मनोहरचा आवाज बदलायचा. सगळे गोलात बसलेले, मधे कोणी मालक नाही. टोकन नावाची एक खूण हातोहात फिरते. ज्याच्याकडे ती आली त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. निरोप एकाकडून दुसऱ्याकडे सरकत निघाल्या जागी परत येतो. परत आला म्हणजे सगळ्यांना पोचला, पुन्हा विचारायला नको. आणि एखादं यंत्र बंदच असेल तर त्याला वगळून निरोप पुढच्याकडे जातो, गोल काही तुटत नाही. नवी नवरी आणल्यासारखा तो त्या रिंगचं कौतुक करायचा.

ऑफिसच्या मीटिंगसाठी त्यानं तिन्ही आकृत्यांचा रंगीत तक्ता केला. साहेबांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि विचारलं, "भोयर, सगळ्यात कमी वायर कशाले लागते?"

"बसला, सर. पण रिंगमध्ये..."

"मग बस," साहेब म्हणाले आणि मीटिंग संपली. तक्ता भिंतीवरच राहिला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यावर औषधकंपनीचं कॅलेंडर टांगलं. जेवणाच्या सुट्टीत हिशेब विभागातले लोक त्याला 'काय गोलसाहेब' म्हणू लागले. मनोहर त्यांच्यासोबत हसायचा आणि घरी येऊन प्रेमिलावर चिडायचा.

तशात लतिकाचं लग्न ठरलं आणि लग्नाच्या तयारीतच मारोतरावांचा, म्हणजे मनोहरच्या वडिलांचा पाय मोडला. मांडववाल्याला जागा दाखवताना पायरी चुकली आणि पाय प्लास्टरात गेला. खरी अडचण अक्षतेची होती. भोयरांच्या नात्यागोत्यात छापील पत्रिका टपालानं गेली तरी ती कोणी बोलावणं धरत नाही. पत्रिका काय, पोस्टमन कोणालाही देतो. घरचं माणूस दारात आलं पाहिजे, कुंकू लावून हातावर अक्षत ठेवून 'लग्नाले या' म्हटलं पाहिजे. हे काम आजवर मारोतरावांनी एकट्यानं केलं होतं. सायकलवर कापडी पिशवी अडकवून ते निघायचे आणि दर घरचा चहा पिऊन ऍसिडिटी घेऊन परत यायचे.

"आता तूच जा गा घरोघरी," आई, म्हणजे अंजनाबाई म्हणाली.

मनोहरनं वडिलांच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वडील म्हणजे मधलं यंत्र. मधलं यंत्र बंद पडलं, सगळं लग्न मुकं झालं. पुस्तकात जे छापलं होतं ते घरातल्या पलंगावर पाय वर करून झोपलं होतं.

त्यानं लगेच पाठकोऱ्या कागदावर गोल काढला. अक्षतेची एकच पुडी करायची. त्यानं स्वतः ती पहिल्या घरी, खापरखेड्याला मोठ्या बहिणीकडे, शोभाताईकडे द्यायची. शोभाताईकडच्यांनी ती जवळच खाप्याला मामाकडे न्यायची, मामानं सावनेरला कुसुमआत्याकडे, अशी ती हातोहात फिरत सगळी घरं करून प्रताप नगरात आपल्या घरी परत यायची. दर घरी पुढच्यानं मागच्याच्या हातून अक्षत घ्यायची. घरचंच माणूस घरच्याच माणसाला बोलावणार, रीत कुठं मोडत नाही. आणि पुडी परत आली म्हणजे सगळ्यांना बोलावणं पोचलं.

"हे ऑफिसात नाही चाललं म्हणून घरात चालवून राहिले का?" प्रेमिलानं विचारलं. मनोहरनं ऐकू न आल्यासारखं केलं.

आईला गोलाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं फक्त एका जागी बोट ठेवलं. "शोभाच्या घरून खाप्याले? मनोहर, तुह्या भाऊजीचं न् रुपरावाचं बोलणं नाही, माहीत आहे ना तुले?"

माहीत होतं. सगळ्या गोताला माहीत होतं. मागं एका पंगतीत रुपरावमामा वाढत होते आणि शोभाताईच्या नवऱ्याच्या, ओमप्रकाशच्या पानात वडाभात सगळ्यांच्या शेवटी पडला. जावयाचा मान गेला. तेव्हापासून ओमप्रकाश खाप्याच्या रस्त्यानं जात नव्हता आणि मामाही चूक कबूल करत नव्हते.

"आई, गोल अंतरावरून काढला आहे," मनोहर समजुतीच्या सुरात म्हणाला. "खापरखेड्याहून खापा जवळ पडतं. यात रुसव्याफुगव्याचा संबंध येत नाही."

"भल्ला शिकला गा तू," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. रुपराव तिचा एकुलता एक भाऊ होता.

मनोहर स्कूटरवर खापरखेड्याला गेला. ओमप्रकाश पॉवर हाऊसात ऑपरेटर. कॉलनीतल्या क्वार्टरच्या अंगणात बसून त्यानं सगळा गोल नीट ऐकून घेतला. "आणि एखाद्याच्या घराले कुलूप असन तर?" त्यानं विचारलं.

"तर थांबायचं नाही, भाऊजी. ते घर वगळून पुढच्या घरी द्यायचं. गोल तुटला नाही पाहिजे."

"बायपास," ओमप्रकाश म्हणाला आणि खूप दिवसांनी मनोहरकडे पाहून हसला. आपली गोष्ट समजणारा एकतरी माणूस घरात निघाला, याचा मनोहरला इतका आनंद झाला की त्यानं दोनदा चहा घेतला.

आठवड्याभरात कुसुमआत्याकडून पुढची सगळी घरं करून पुडी परत आली. लाल कापड जरा मळलं होतं, गाठ कोणीतरी बदलली होती. मनोहरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं ती पुडी चक्क ऑफिसात नेली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून सगळी हकीकत सांगितली. साहेब 'वा वा' म्हणाले आणि प्रिंटरची रिबन आली का ते विचारलं.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. सकाळपासून पाहुणे यायला लागले. मांडवाच्या एका कोपऱ्यात तर्रीपोह्यांच्या बशा फिरत होत्या. जो तो आल्याबरोबर पुडीची गोष्ट काढायचा आणि मनोहर मान डोलवायचा. उन्हं चढली तरी खाप्याचं कोणी आलं नाही. नवरीला मांडवात हात धरून आणायचं ते मामानं, मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मागं उभं राहायचं ते मामानं आणि बोहल्यावर नेसायची साडीही मामाकडचीच. लतिका घरातल्या साध्या साडीत बसून होती आणि दर थोड्या वेळानं कोणाला तरी दाराशी पाठवत होती.

ओमप्रकाश पोह्यांवर तर्री ओतून घेत होता. मनोहर त्याच्याजवळ गेला. "भाऊजी, खाप्याले पुडी कोण घेऊन गेलं होतं?"

"कोणी नाही," ओमप्रकाश शांतपणे म्हणाला. "मी सरळ सावनेरले आत्याकडे देल्ली."

"काहून? कुलूप होतं?"

"असनच, म्हटलं." त्यानं एक घास खाल्ला. "तुम्हीच तर सांगतलं होतं ना, बंद असन तर वगळा म्हणून. आमच्यासाठी ते घर बंदच आहे."

गोल तुटला नव्हता. गोल अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे चालला होता. एका घराला वगळून निरोप पुढं गेला होता, निघाल्या जागी परत आला होता, आणि त्या परत आलेल्या पुडीची मिरवणूक त्यानं थेट साहेबांच्या टेबलापर्यंत काढली होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैलासकट मालकही रिकामा निघाला होता.

त्यानं आईला आत बोलावून सांगितलं. अंजनाबाईंनी सगळं ऐकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आजच्या दिवशी मी तुले काही बोलत नाही," ती म्हणाली. "पण माह्या भावाशिवाय माही पोरगी बोहल्यावर जाणार नाही. मुहूर्त टळला तरी चालन."

मामाकडे फोन नव्हता. मनोहरनं डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि स्कूटर काढली. ऊन असं होतं की सावनेरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. सगळ्या वाटेनं तो माफीची वाक्यं जुळवत गेला आणि प्रत्येक वाक्यात कुठून तरी तो गोल यायचाच.

खाप्याला मामाच्या गल्लीत स्कूटर शिरली तशी दारादारातून माणसं बाहेर आली. "आले का न्यायले?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "मामा म्हणतच होते." मनोहरला काही समजलं नाही. तो नुसता हसला आणि पुढं गेला.

रुपरावमामा बैठकीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मनोहरला पाहून ते उठले, पुढं आले आणि वाकून त्यांनी भाच्याच्या पायांना हात लावला. भाचा पूज्य असतो, भाच्याच्या पाया पडायचं ही तिकडची रीत. मनोहरच्या लहानपणापासून मामा हे करत आले होते आणि त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आज ते पांढरं डोकं आपल्या पायाशी वाकलेलं पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावलेल्या माणसानं निदान एवढं तरी चुकवायला हवं होतं.

"या," मामा म्हणाले. "ऊन भल्ला आहे. पाणी आण वं." पंचफुलामामीनं पाणी आणलं. मग मामांनी मारोतरावांच्या पायाची चौकशी केली, स्कूटरच्या ऍव्हरेजची केली, नागपुरात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कशा मिळतात ते विचारलं. लग्नाचा शब्द नाही. जणू त्या दिवशी नागपुरात काहीच नव्हतं.

"मामा, चूक झाली," शेवटी मनोहर म्हणाला. "म्हणजे चूक अशी नाही, पद्धत बरोबर होती..." आणि त्यानं तोंड उघडलंच आहे तर सगळं सांगून टाकलं. समोरच्या तबकातल्या सुपारीच्या खांडांचा आधी स्टार मांडून दाखवला, मग रांगेत बस, मग गोल. टोकन कसं फिरतं ते सांगितलं. बंद यंत्र कसं वगळतात तेही सांगितलं, आणि सांगताना आपली जीभ कुठं चालली आहे हे त्याला कळत होतं, पण ती थांबत नव्हती.

मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग गोलाकडे पाहत विचारलं, "यातला तू कोणता?"

मनोहरनं एका खांडावर बोट ठेवलं.

"किती घरी गेला तू?"

"एका. खापरखेड्याले."

"आणि तुहा बाप किती घरी जाये?"

"सगळ्याच."

मामांनी त्या गोलातलं एक खांड उचलून तोंडात टाकलं. "मंग गोल तुले काहून आवडला, थे समजलं मले."

मनोहरला पुण्याच्या कोर्समध्ये एवढं स्वच्छ कोणी काही सांगितलं नव्हतं. तो मान खाली घालून बसला. "हो मामा," तो म्हणाला. "मले दारोदार जायचं जिवावर आलं होतं. जिथं जावं तिथं विचारतात, साहेब झाला का, कॉम्प्युटर तूच चालवतो का. ऑफिसात मले कोणी विचारत नाही. माह्या तक्त्यावर कॅलेंडर लटकवलं त्यांनी. हे कोणाच्या दारात बसून कसं सांगू?"

उत्तर दिलं ते मामीनं, आतल्या दारातून. "आणि यांचं काय झालं, थे सांगू का? पत्रिका आली त्या दिवसापासून अक्षतेची वाट पाहून राहिले. कोणी आलं नाही. लोक विचारतात, तर गल्लीले सांगत सुटले, भाचा स्वतः येणार आहे गाडी घेऊन न्यायले. तुहं नाव खराब नको व्हायले. अंजनाबाईचं नको व्हायले. रोज मले म्हणतात, आज येईल तो." तिनं पाण्याचा रिकामा पेला उचलला. "मी म्हटलं, चला आपणच जाऊ. तर म्हणे, बिनबोलावल्यानं बहिणीच्या दारात कसं उभं राहू."

गल्लीतल्या म्हाताऱ्यानं काय विचारलं होतं ते मनोहरला आता समजलं. मामा सुपारी चघळत खिडकीबाहेर पाहत होते, जसं काही बोलणं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं होतं.

"मामा, मी आत्ता बोलावतो तुम्हाले. रीतीनं," मनोहर म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की खिशात रुमाल, किल्ली आणि पेन आहे. अक्षत तो घरीच विसरला होता. सगळ्या गोतात फिरवलेली पुडी बोलावण्याच्या दिवशी त्याच्याजवळ नव्हती. तो तसाच रिकाम्या हातानं उभा राहिला.

मामी आत गेली आणि आपल्याच डब्यातले मूठभर तांदूळ, कुंकू आणि पाण्याचा थेंब घालून ताटलीत कालवून घेऊन आली. "घे," ती म्हणाली. "बाहेर जाय आधी. उंबऱ्यातून ये."

मनोहर बाहेर गेला. चपला काढून पुन्हा उंबऱ्यातून आत आला. गल्ली दाराशी जमली होती. त्यानं मामाच्या कपाळाला कुंकू लावलं, मामीच्या लावलं, आणि त्यांच्याच घरचे तांदूळ त्यांच्याच हातावर ठेवून म्हणाला, "मामा, मामी, आमच्या लतिकाचं लग्न आहे. सगळ्यांनी यायचं."

मामांनी मूठ मिटली आणि कपाळाला लावली. "कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"आज," मनोहर म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. गल्लीतले लोक भाचा किती हळवा आहे म्हणून कौतुकानं पाहत राहिले.

मामांना तयार व्हायला वेळ लागलाच नाही. धोतर इस्त्रीचं होतं, पिशवी भरलेली होती, साडी घडीवर घडी ठेवून कापडात बांधलेली होती. स्कूटरवर मनोहर, मामा आणि सगळ्यात मागं पिशवी मांडीवर घेऊन मामी असे तिघं निघाले. गल्लीच्या तोंडाशी मामांनी स्कूटर हळू घ्यायला लावली, आणि दर दाराकडे पाहून 'येतो' असा हात केला. मनोहरनं इतकी हळू स्कूटर आयुष्यात चालवली नव्हती.

प्रताप नगरात पोचले तेव्हा नवऱ्याकडची मंडळी मांडवात बसली होती आणि गुरुजी दुसऱ्यांदा घड्याळ पाहत होते. अंजनाबाई दारातच उभी होती. तिनं भावाकडे पाहिलं, भावानं तिच्याकडे पाहिलं. "पाय धू," ती म्हणाली, आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. मामा पाय धुऊन आत गेले. वाटेत ओमप्रकाश उभा होता, तो बाजूला सरला आणि मामांनी त्याला नमस्कार केला. त्यानंही हात जोडले, जरा उशिरा.

लतिकानं मामांकडची साडी छातीशी धरली. सकाळपासून दाबून ठेवलेलं एकदम वर आलं आणि ती रडक्या आवाजात म्हणाली, "मामा, इतका उशीर काहून केला? मले वाटलं तुम्ही येतच नाही."

आई दारात आली. प्रेमिलानं मनोहरकडे पाहिलं. मनोहरनं जमिनीकडे पाहिलं आणि आता काय ऐकावं लागेल त्याची वाट पाहत उभा राहिला.

मामांनी भाचीच्या पायांना हात लावला आणि उठत म्हणाले, "माह्यामुळं नाही वं झाला. हा तर कधीचाच आला होता न्यायले. गाडी पंक्चर झाली वाटेत." आणि त्यांनी मनोहरकडे वळून विचारलं, "कोणतं चाक होतं गा?"

मनोहरनं वर पाहिलं. "मागचं," तो म्हणाला.